चमकला, पण बोलला नाही! (एका जुन्या साईड ड्रमच्या दुरुस्तीची गोष्ट)

आपल्या अंकात दरवर्षी यशस्वी प्रोजेक्टचे लेख येतात. रोबोट चालला, गाडी पळाली, बक्षीस मिळालं. या वेळी एका फसलेल्या कामाबद्दल लिहायचं ठरवलं. कारण खरं सांगायचं तर सहा सेमिस्टरमध्ये जे डोक्यात शिरलं नाही, ते या एका पत्र्याच्या डब्याने शिकवलं.

गोष्ट शिंदखेड्याची. सुरत-भुसावळ लाइनवरचं, बुराई नदीकाठचं आमचं तालुक्याचं गाव. खान्देशात लग्न म्हटलं की बँड आलाच. हळदीपासून वरातीपर्यंत क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि त्यांच्या पुढे चालणारा तो कडक आवाजाचा साईड ड्रम. इंग्रजी पुस्तकात त्याला स्नेअर ड्रम म्हणतात. आमच्या गल्लीत एक बँडवाले काका राहतात. पंचवीसेक वर्षं त्यांनी साईड वाजवला. आता हात थरथरतो म्हणून बंद केलाय. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या पडवीत खुंटीला टांगलेला जुना ड्रम दिसला. गंजलेला, वरचं पान फाटलेलं, खालच्या तारा लोंबणाऱ्या.

गॅदरिंगसाठी हॉस्टेलच्या ग्रुपला ड्रम हवाच होता. काकांनी पाचशे रुपये घेतले आणि वर एक अट घातली, "वाजायला लागला म्हणजे एकदा मला ऐकव." आम्ही तिघं मेकॅनिकलचे. वर्कशॉप हाताशी. "काका, एका महिन्यात नवा करून आणतो!" असं छातीठोक सांगून ड्रम एस.टी.त टाकला.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी, हा ड्रम चालतो कसा ते पाहू.

साईड ड्रमची रचना

आमचा ड्रम १४ इंच व्यासाचा, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. पोलादी पत्र्याचं गोल कवच, वर एक पान, खाली एक पान. दोन्ही पानांवर पत्र्याची कडी आणि त्या दोन कड्यांना एकमेकींकडे ओढणारे आठ लांब बोल्ट. खालच्या पानाला आडव्या चिकटून जाणाऱ्या स्प्रिंगसारख्या पीळदार तारा. वर काडी पडली की आतली हवा दाबली जाते, ती खालचं पान ढकलते, पान तारांना उडवतं आणि तारा परत पानावर आपटतात. तो "चर्रर्र" आवाज म्हणजे हे आपटणं. साईड ड्रमचा जीव या तारांत असतो.

आता थोडी थिअरी. (सबमिशनची आठवण झाली तर माफ करा!) गोल पानाची मूळ कंप्रता दोन गोष्टींवर ठरते : ताण आणि पानाचं दर चौरस मीटरचं वजन. १४ इंची पानासाठी सूत्र सोपं होतं :

कंप्रता = २.१५ × √(ताण ÷ दर चौरस मीटरचं वस्तुमान)

प्लॅस्टिकचं वरचं पान साधारण ०.२५ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ०.३५ किलो. दर मीटरला ३००० न्यूटन ताण दिला तर कंप्रता सुमारे २०० हर्ट्झ येते. (पानाला चिकटून हलणाऱ्या हवेमुळे प्रत्यक्षात ती थोडी कमी होते.) आता हाच ताण पूर्ण परिघावर मोजा. ३००० गुणिले १.११७ मीटर, म्हणजे सुमारे ३३५० न्यूटन. आपल्या भाषेत ३४० किलो! जवळजवळ साडेतीन क्विंटल कापसाचा भार त्या पातळ पत्र्यावर सतत बसलेला असतो. प्रत्येक बोल्टच्या वाट्याला ४३ किलो. हा हिशोब आम्ही केला, पण सगळं संपल्यावर. तो आधी केला असता तर हा लेखच लिहावा लागला नसता.

दुसरी गोष्ट. गोल पानातून एकच सूर निघत नाही. मूळ कंप्रता १ धरली तर पुढचे सूर १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा वेड्यावाकड्या पटीत येतात. तंबोऱ्याच्या तारेत ते २, ३, ४ असे सरळ पटीत येतात, म्हणून तार सुरेल आणि साधा ड्रम बेसूर. तबला-मृदंगाची शाई याच अडचणीवरचा उपाय आहे. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर मांडलं. मधे जड शाई भरली की पानाचे वेडेवाकडे सूर जवळजवळ सरळ पटीत येऊन बसतात. साईड ड्रमला शाई नाही, तारा आहेत. त्याचं काम सूर लावणं नाही, ठेका कापून देणं आहे. म्हणून तारा नीट बसल्या नाहीत तर उरतो नुसता डबा.

आम्ही काय काय केलं

पहिलं काम गंज काढणं. डिझेलमध्ये भिजवलं, पॉलिश पेपर मारला, मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं. इथपर्यंत ठीक. फक्त आंबट पाण्यातून काढलेलं पोलाद लगेच धुवून, पुसून, तेल लावून ठेवावं लागतं. आम्ही रात्री तसंच टेकवून मेसला गेलो. परत येऊन पाहतो तर कवचावर नारिंगी थर! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं काम क्रोम. कड्या आणि बोल्ट आरशासारखे चमकायला हवेत असं आमचं ठरलेलं. शोभेच्या क्रोमचा थर असतो अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. खरं संरक्षण त्याच्या खालचा निकेलचा थर देतो आणि तोही मायक्रॉनमध्येच मोजायचा. म्हणजे पृष्ठभागावर जे आहे तेच क्रोममधून दिसणार. खड्डा असेल तर चमकणारा खड्डा दिसणार. म्हणून आधी बफिंग करून पत्रा गुळगुळीत करावा लागतो आणि बफिंग म्हणजे धातू घासून काढणं. गंजाने आधीच खाल्लेल्या कड्या बफिंगमध्ये आणखी पातळ झाल्या. त्या कड्यांवर नंतर वर मोजलेला ३४० किलोचा ओढा टाकला. बोल्ट आहे तिथे कडी खाली, दोन बोल्टच्या मधे वर. सपाट राहायला हवी ती कडी कौलासारखी लाटदार झाली.

(एक सूचना : क्रोमचं काम खोलीवर करू नका. त्या द्रावणातलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. आम्ही ते बाहेर करून घेतलं, तेवढी एक अक्कल होती.)

तिसरं काम, आणि इथेच माती खाल्ली. कवचाच्या ज्या कडेवर पान टेकतं ती कड एका पातळीत हवी. आम्ही मोठ्या रुबाबात कवच मेट्रॉलॉजी लॅबच्या सरफेस प्लेटवर ठेवलं आणि फीलर गेज फिरवला. वरची कड बऱ्यापैकी होती. खालच्या कडेवर मात्र दोन ठिकाणी मिलिमीटरभर खोल, तळहाताएवढ्या रुंदीचे उथळ खळगे. "आपटून बसलाय रे," एकजण म्हणाला. दोन संध्याकाळी कानस चालवून आम्ही सगळी कड त्या खळग्यांच्या तळापर्यंत उतरवली. शेवटी फीलर गेजची सर्वांत पातळ पातही कुठे शिरेना. एकमेकांना टाळ्या दिल्या!

नंतर कळलं की ते खळगे म्हणजे पोचे नव्हते. ती तारांची बैठक होती. तारांची पट्टी जिथे पानावरून कडेकडे उतरते, तिथे कड मुद्दाम थोडी खाली ठेवतात. त्यामुळे पान तेवढ्यात किंचित दबतं आणि तारा टोकापासून टोकापर्यंत पानाला सपाट चिकटून राहतात. ती बैठक गेली की पट्टीची टोकं उचलली जातात. मग तारा मधे चिकटतात, टोकाला फडफडतात. ढिल्या केल्या तर बराच वेळ चरचरत राहतात, घट्ट केल्या तर पानाचा गळा दाबतात. मधली जागाच उरत नाही.

आज विचार केला की स्वतःचीच लाज वाटते. दोन खळगे होते, अगदी समोरासमोर, सारख्याच खोलीचे आणि नेमके तारांच्या रेषेत. आपटून पडलेला पोचा असा मोजूनमापून पडतो का? गंज आणि अपघात सममिती पाळत नाहीत. सममिती दिसली की समजावं, इथे कुणाचा तरी हात आणि हेतू आहे. आणि कानशीने काढलेला धातू परत चढत नाही.

चौथं काम पानं. जुनी पानं कातड्याची होती. आम्ही बाजारातून प्लॅस्टिकची आणली. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मची पानं अमेरिकेत १९५७ च्या सुमारास बाजारात आली. त्याआधी जगभर कातडंच होतं. कातडं कडीवर ओलं गुंडाळतात, त्यामुळे ते कवचाच्या मापाला आपोआप जुळतं. प्लॅस्टिकचं पान कारखान्यातून ठरलेल्या मापाचं, गच्च कड्यात बसवलेलं येतं. ते मोकळं खाली सरकावं म्हणून आजची कवचं १४ इंचांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान करतात. आमचं कवच जुन्या पद्धतीचं, भरगच्च १४ इंच. त्यात ते गोलही नव्हतं. एका दिशेने ३५४ मिलिमीटर, काटकोनात ३५८. पान एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला अडकलेलं. हे माप आम्ही केव्हा घेतलं? पान बसेना तेव्हा. म्हणजे क्रोमचे पैसे देऊन झाल्यावर!

तरी आवाज का आला नाही?

जोर लावून, ठोकून, कसंतरी पान बसवलं. बोल्ट आवळले. बोल्टशेजारी काडीने टकटक करून सगळीकडे एकच सूर आणायचा असतो. तो आला नाही. पान एका बाजूला अडकलेलं, कडी लाटदार, ताण सारखा येणार कसा? ताण सारखा नसला की आणखी एक भानगड होते. पानाचा दुसरा सूर (तो १.५९ वाला) खरं तर दोन दिशांना दोनदा असतो. ताण सारखा असेल तर दोन्ही एकाच कंप्रतेवर येऊन एकच ऐकू येतो. ताण असमान झाला की दोघे किंचित वेगळे होतात आणि त्यांच्या फरकातून "वाँव-वाँव" असे ठोके ऐकू येतात. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला जे 'बीट्स' आपण ट्यूनिंग फोर्कवर ऐकले, तेच इथे फुकट.

आणखी एक अडचण मूळ रचनेतलीच होती, त्यात आमचा दोष नाही. महाग ड्रमला वरच्या आणि खालच्या पानाचे बोल्ट वेगळे असतात. स्वस्त ड्रमला एकच लांब बोल्ट दोन्ही कड्या ओढतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने दोन्ही पानांना सारखाच ओढा मिळणार. कातड्याच्या जमान्यात हे चालून जायचं. पण प्लॅस्टिकचं वरचं पान ०.२५ मिलिमीटर आणि तारांकडचं फक्त ०.०७५. ओढा तोच, जाडी तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणजे खालच्या पानातला स्ट्रेस तिपटीहून जास्त. ३००० न्यूटनला वरच्या पानात १२ मेगापास्कल, तर खालच्यात ४०. वरचं पान कडक वाजावं म्हणून ताण दुप्पट करायला गेलं की खालचं ८० वर. तिथे ते हळूहळू कायमचं ताणलं जाऊ लागतं. म्हणजे वरचं कडक करावं तर खालचं मरतं, खालचं वाचवावं तर वरचं मऊ राहतं.

आणि काकांच्या आठवणीतला तो आवाज? त्याचं अर्धं श्रेय आपल्या उन्हाळ्याला आहे. कातडं हवेतला ओलावा शोषतं आणि सैल होतं, कोरड्या हवेत आवळतं. हलगीवाले हलगी शेकोटीवर शेकतात ते याचसाठी. खान्देशात लग्नसराई एप्रिल-मेची, पारा चाळिशीच्या पार. वरातीतल्या ड्रमला वेगळी शेकोटी लागायचीच नाही, सूर्यच शेकून द्यायचा! तोच ड्रम श्रावणात ढप्प वाजायचा, हे काकांनीच नंतर सांगितलं. आम्ही कातडं काढलं, प्लॅस्टिक बसवलं आणि आवाज मात्र मे महिन्याचा मागत होतो.

हिशोब

क्रोम आणि बफिंग १४०० रुपये, दोन पानं ९००, तारांचा संच २५०, बोल्ट-नट-वॉशर ३८०, पॉलिश पेपर वगैरे २२०, धुळ्याला हेलपाटे ६००. एकूण ३७५०. ड्रमचे ५०० धरून ४२५०. एवढ्या पैशात साधा नवा ड्रम घरी आला असता. जवळजवळ तिसरा हिस्सा चमकण्यावर गेला आणि त्याने आवाजात काडीची भर पडली नाही, उलट कड्या पातळ झाल्या. वर हॉस्टेलच्या पोरांची वर्गणी होती ती. गॅदरिंगला शेवटी भाड्याचा ड्रम आणला. आमचा स्टेजच्या कोपऱ्यात, फोटोपुरता.

काकांपुढे

अट पाळायची म्हणून फेब्रुवारीत ड्रम घेऊन शिंदखेड्याला गेलो. काका ओसरीवर बसले होते. ड्रम पाहून खूश झाले. कडीवरून बोट फिरवलं, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. काड्या घेतल्या. हात थरथरत होता, पण काडी पानावर आली तशी थरथर थांबली. एक रोल, दोन ठोके. मग काड्या शांतपणे ड्रमवर ठेवल्या आणि म्हणाले, "भाऊ, चमकस चांगला, पन बोलस नही."

रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. ड्रम उलटा करून खालच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले. ती बैठक शोधत होते हे मला तेव्हा कळलं. त्यांना नाव माहीत नव्हतं, आकृती माहीत नव्हती, पण अंगठ्याला माहीत होतं तिथे खळगा हवा. आम्ही कानस लावण्याआधी त्यांना फक्त एक फोन केला असता तर? गंमत म्हणजे फोन नंबर होता. पण "बँडवाल्या काकांना काय विचारायचं, आपण इंजिनिअर" हा माज होता.

त्यांनी जमेल तेवढं सुधारून दिलं. तारांच्या पट्टीतल्या बाजूच्या काही तारा कापल्या, म्हणजे टोकाची फडफड कमी झाली. वरच्या पानाखाली कापडाची एक पट्टी आडवी घातली, म्हणजे "वाँव-वाँव" दबलं. आता तो हॉस्टेलच्या गणपतीत वाजतो, पण ताशाच्या मागे, गर्दीत. एकटा ऐकावा असा तो आता कधी वाजणार नाही.

कुणाला असं काम करायचं असेल तर

१. आधी वाजवून बघा, जसा आहे तसा. फाटलेल्या पानाच्या जागी जुजबी पान लावून का होईना. आम्ही मूळ आवाज एकदाही ऐकला नाही, मग बिघडला किती ते तरी कसं सांगणार?

२. दोन काटकोनातले व्यास, कडेची पातळी, बोल्टची चुडी, हे सगळं कामाच्या आधी मोजा आणि लिहून ठेवा. कवच चार मिलिमीटरने अंडाकृती असेल तर तिथेच थांबा.

३. परत फिरवता येणारी कामं आधी (सफाई, तेल, तारांची दोरी, वॉशर). न फिरणारी कामं (कानस, ड्रिल, बफिंग) सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

४. एखादा खळगा किंवा भोक कशासाठी आहे हे कळत नसेल तर ते बुजवू नका. ज्याने ती वस्तू वापरली त्याला विचारा.

५. चमक आणि आवाज यांचं बजेट वेगळं ठेवा.

६. स्वस्त वस्तू जुनी झाली म्हणून भारी होत नाही. आमचा ड्रम नवा होता तेव्हाही स्वस्तच होता. त्याच्याकडून किती मागायचं हे ठरवूनच हात घाला.

काकांच्या पडवीत अजून एक ड्रम आहे, पितळी कवचाचा. कातडं शाबूत, बैठक शाबूत. त्यांनी तो आम्हाला दिलेला नाही आणि आम्हीही मागितलेला नाही. पण पुढच्या सुट्टीत जाणार आहे. कानस नेणार नाही. फक्त वही, पट्टी आणि फीलर गेज. त्या खळग्याचं नीट माप घेऊन यायचंय.